आश्रुबाने न खाल्लेला पेढा

आश्रुबाला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तीन महिने रोज सकाळी त्याच्या शेजारी हातपाय ताणले, पुढं पाच महिने रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर चाललो, तरी त्याला एक थोरला भाऊ आहे हे मला त्याच्या दहाव्याला कळलं. त्याची बायको ऊसतोडीला गेलेली असताना फडावरच्या पाचटाच्या कोपीतच तापानं वारली, हेही तिथंच कळलं. मी कधी विचारलं नव्हतं. विचारायचा माझा स्वभाव नाही आणि सांगायचा त्याचा नव्हता. दोघं मिळून आम्ही पुष्कळ गप्प बसलो, एवढीच आमची ओळख.

लिहिण्याची मला सवय नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, ती दुसऱ्यानं सांगितलेलं लिहिण्यात गेली. हे लिहायला बसलो ते एका फ्लेक्समुळं. दहाव्याला नदीकाठी भगवानरावांच्या माणसांनी आश्रुबाचा फ्लेक्स लावला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'आरोग्यदूत मा. भगवानराव यांच्या योगवर्गाचे निष्ठावंत साधक', आणि मध्ये फोटो. फोटोत भगवानराव आश्रुबाला पेढा भरवत होते. मेलेल्या माणसापेक्षा भगवानरावांचं तोंड दुप्पट मोठं होतं.

पिंडाला कावळा लगेच शिवला. कावळ्यानं कुणाला ताटकळत ठेवलं नाही. भाषणांनी दीड तास ठेवलं. भगवानराव म्हणाले, "आश्रुबा आमच्या वर्गाचा आधारस्तंभ होता. माझ्या हातचा पेढा त्यानं प्रेमानं खाल्ला, तो क्षण मी विसरू शकत नाही." लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली असेल. माझी मान एकतीस वर्षांत त्याच कामाला लागलेली आहे.

पण त्या फोटोत आश्रुबाचं तोंड बंद आहे. जवळ जाऊन पाहिलं तर स्पष्ट दिसतं. एवढी एक गोष्ट कुठंतरी लिहून ठेवावी, असं मला वाटलं.

वडवणीत बाजारतळाच्या मागं भगवानरावांचं मंगल कार्यालय आहे. लग्नसराई संपली की ते रिकामं पडतं. गेल्या वर्षी एकवीस जूनला तिथं योगवर्ग सुरू झाला. दारावरच्या पाटीवर भगवानरावांचे दोन फोटो होते, एक हात जोडलेला आणि एक हात हलवणारा. शिकवणाऱ्या बाईंचं नाव मात्र पाटीवर शोधावं लागत होतं. त्या सत्यशीलाताई. माहेर धारूरचं, नर्सिंग शिकलेल्या, लग्नानंतर नोकरी सुटली तेव्हा योगाचा कोर्स केलेला. वर्ग शुगरवाल्यांसाठी होता. ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "इथं कुणाला डोक्यावर उभं करायचं नाही. हळू ताणायचं, हळू सोडायचं. हातापायाचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर वापरतात, एवढंच गणित आहे. डॉक्टरांच्या गोळ्या कुणी बंद करायच्या नाहीत. आणि जेवल्यावर बसून राहायचं नाही, दहा मिनिटं चालायचं." सबंध वर्गात शहाणपणाचं बोलणं तेवढंच झालं. बाकी सगळे सत्कार होते.

आम्ही सदतीस जण होतो. बहुतेक सगळे भगवानरावांचे कुणी ना कुणी. कुणी सोसायटीचा चेअरमन, कुणी माजी सरपंच, कुणी नुसताच मागं फिरणारा. पोटं अशी की खाली वाकल्यावर पायाचा अंगठा दिसायचा तो शेजाऱ्याचा. प्रत्येकाला भगवानरावांकडून एक चटई फुकट मिळाली होती आणि चटईच्या एका टोकाला भगवानरावांचा फोटो छापलेला होता. फोटो पायाखाली येऊ नये म्हणून तो डोक्याकडं ठेवायचा, असा नियम भगवानरावांच्या भागवतनं केला. भागवत म्हणजे त्यांचा मोबाइल धरणारा, गाडीचं दार उघडणारा माणूस. रोज सकाळची पहिली दहा मिनिटं चटया सुलट्या करण्यात जायची. मग पालथं पडून भुजंगासन करायची वेळ आली की खाली येताना प्रत्येकाचं तोंड भगवानरावांच्या तोंडावर टेकायचं. सदतीस माणसं रोज सकाळी तीन वेळा तसं करत होती आणि कुणालाही हसू येत नव्हतं.

स्वतः भगवानराव गुडघ्यांमुळं खाली बसत नसत. ते स्टेजवर नवरदेवाच्या लाल सोफ्यावर बसून योग करत. सगळ्यांनी दोन्ही हात वर केले की ते एक करत. तो व्यायाम होता की नमस्कार स्वीकारणं, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आश्रुबा पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी आला. काळा, वाळलेला, धोतर आणि बंडी, पाठ कमरेतून पुढं आलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. चटई पसरताना त्यानं फोटो पायाकडं ठेवला. मी हळूच म्हणालो, "फोटो डोक्याकडं ठेवायचा आहे."

"कुणाचा फोटो?"

"भगवानरावांचा."

"मला बैलाचा वाटला," तो म्हणाला आणि चटई फिरवली. मग माझ्याकडं मान वळवून म्हणाला, "तुमी कॅनालच्या हापिसातले भाऊसाहेब न्हव का? आवाजावरून वळखलं. तोंड दिसत न्हाई मला. तवा हापिसात बी दिसत नव्हतं, खिडकी लई लहान होती तुमची."

मी त्याला कधी खिडकीवर उभं केलं होतं, मला आठवेना. विचारायचंही धाडस झालं नाही.

तो का आला होता ते पहिल्या आठवड्यातच कळलं, कारण ते तो सगळ्यांना सांगत होता. चौतीस हंगाम त्यानं ऊस तोडला होता. आता मुलगा अंगद आणि सून जात होती. अंबाजोगाईला डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, साखर तीनशे बारा आहे, दोनशेच्या खाली आणा, मगच डोळ्याला हात लावू, नाहीतर जखम चिघळेल. आणि अंगदनं सांगितलं होतं, दिवाळी झाली की टोळीची गाडी येणार, आंधळ्या माणसाला घरी एकटं ठेवून जाता येणार नाही, आमच्याबरोबर कोपीत येऊन बसा.

"सहा महिने पाचटाच्या खोपटात बसायचं," आश्रुबा म्हणाला. "गाठोड्यावानी. उचलून ट्रकात टाकतेल, उचलून खाली ठेवतेल. चौतीस वर्सं गेलतो, तवा कोयता तरी होता हातात. आता न्हाई जायचा मी."

दिवाळीच्या आत साखर खाली आली आणि डोळा झाला तर तो घरी राहणार. नाहीतर ट्रक. त्याच्यासाठी योग म्हणजे एवढंच होतं. आत्मा, श्वास, प्राण असलं काही बोलणं निघालं की तो ताईंना म्हणायचा, "त्ये ऱ्हाऊ द्या. ह्यानं साखर किती उतरती ते सांगा."

सुरुवातीला त्याला काही जमेना. सगळ्यात सोपं होतं ते तर अजिबात नाही. दोन्ही हात सरळ वर करून टाचा उचलायच्या, ताडासन. आश्रुबाचे हात कानापर्यंत जाऊन थांबत. ताई म्हणाल्या, "अजून थोडं वर, आबा. सैल सोडा."

"बाई, हात वर गेले की डोस्क्यावर मोळी लागती मला. रिकामे हात वर करायची लाज वाटती."

वर्ग हसला. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात मोळी उचललेली नव्हती. मोळी उचलणाऱ्यांची नावं तेवढी मुकादमाच्या वहीत लिहून घेतली होती. शवासनात तर तो दोन मिनिटं पडून राहीना. दिवसाढवळ्या उताणं पडणं म्हणजे मुकादमाची लाथ, हे त्याच्या अंगात बसलेलं. ताईंनी मग त्याला कुशीवर पडायला सांगितलं, भिंतीकडं तोंड करून. तसं जमलं. हळूहळू पाय पोटाशी घेणं, मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, खुर्चीला धरून उठणं-बसणं, सगळं जमायला लागलं. घाई मात्र सुटत नव्हती. ताई म्हणत, "हळू, आबा. इथं ट्रक भरायचा नाही." तो म्हणे, "तेच तर अवघड हाय."

मी त्याच्यापेक्षा बरा दिसत होतो. माझं अंग सरकारी खुर्चीत मऊ राहिलं होतं. पण माझी साखर हलत नव्हती, आणि त्याचं कारण पेढे.

आमच्याकडं सत्कारावाचून काही सुरू होत नाही आणि सत्कारावाचून संपत नाही. शुगरवाल्यांचा वर्ग असला म्हणून काय झालं. चेअरमनच्या मुलाचं पोलीस भरतीत नाव लागलं, पेढे. माजी सरपंचांनी नवी गाडी घेतली, पेढे. भागवत कुठल्या तरी आघाडीचा तालुका उपाध्यक्ष झाला; शाल, नारळ आणि दोन किलो पेढे. आठवड्याला दोन तरी व्हायचे. शवासनातून उठलं की समोर बॉक्स. ताईंनी एकदा भीत भीत म्हटलं, "निदान इथं तरी गोड नको." भगवानराव सोफ्यावरून म्हणाले, "ताई, आनंदाला कॅलरी नसतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई गप्प बसल्या, कारण हॉल त्यांचा नव्हता.

मी प्रत्येक पेढा खाल्ला. मला आवडतात म्हणून नाही. बॉक्स समोर धरून माणूस उभा राहतो, नको म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड उघडलं की त्यात पेढा जातो. एकशे नव्वदवरून माझी साखर ऑगस्टात दोनशे तीस झाली. योग करून साखर वाढवणारे आम्ही सदतीसमधले पस्तीस तरी असू.

आश्रुबा पेढा घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि बंडीच्या खिशात टाकायचा. मला वाटायचं, घरी कुणासाठी तरी नेत असेल. एक दिवस बाहेर पडताना पाहिलं. कार्यालयाच्या भिंतीकडेच्या लिंबाखाली मुंग्यांचं वारूळ आहे. तो तिथं चाचपडत वाकला आणि पेढा चुरून टाकला.

"मुंग्यांना साखर होत न्हाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमी खाता न्हव?"

"मान ठेवावा लागतो."

"कुणाचा?"

मी चटई काखेत मारून चालू लागलो.

भगवानरावांचा वाढदिवस गणपतीत आला. त्या दिवशी योग झालाच नाही. स्टेजवर कमान, बाहेर बँजो, आणि भागवतनं जाहीर केलं की साहेब आज प्रत्येक साधकाला स्वतःच्या हातानं पेढा भरवणार. सदतीस माणसांची रांग लागली. सगळी साखरेची माणसं, मोठी माणसं, पण लहान पोरांसारखी तोंडं वर करून उभी. प्रत्येकाच्या तोंडात पेढा गेला की भागवत फोटो काढायचा. मी अठरावा होतो. माझाही फोटो आहे. त्यात माझं तोंड चांगलं मोठं उघडलेलं आहे.

आश्रुबा माझ्या मागं होता. भगवानराव म्हणाले, "आ कर, आश्रुबा."

"हातात द्या, साहेब."

"हातात कशाला, मी भरवतो न्हव. आ कर."

"साखर हाय मला."

"इथं कुणाला न्हाई बे? एका पेढ्यानं मरतोस काय?"

"एकानं न्हाई. हा सव्विसावा हाय."

मागून कुणीतरी हसलं. भगवानरावांचा हात पुढंच राहिला. एवढ्या लोकांत हात मागं घेणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी पेढा आश्रुबाच्या ओठांवर दाबला. आश्रुबानं ओठ मिटून घेतले. पेढा मिशीवर फुटला, अर्धा खाली पडला. तेवढ्यात भागवतनं बटण दाबलं. तोच तो फोटो.

भगवानरावांनी रुमालानं हात पुसला. "माणसाला मान कळावा लागतो," ते म्हणाले. मग पुढच्याला पेढा भरवला. मी चार पावलांवर उभा होतो. 'त्याचं डोळ्याचं ऑपरेशन आहे हो,' एवढं वाक्य माझ्या मनात तयार होतं. ते तोंडातल्या पेढ्याबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी भागवत दारातच उभा होता. "आश्रुबा, तुमचं नाव न्हाई आता वर्गात."

"बरं," आश्रुबा म्हणाला. चटई भागवतच्या हातात देताना त्यानं एकच विचारलं, "फोटो वरच्या अंगाला हाय का बघा, न्हाईतर तुमची नोकरी जायची."

तो काठी टेकत निघाला. मी आत गेलो आणि चटई पसरली. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. बीड रस्त्याला, गाव संपतं तिथं पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. मी ओट्यावर बसलो. अंगद बैलाला वैरण टाकत होता. आश्रुबाच्या हातावर फडकं बांधलेलं होतं.

"चुलीत हात घातला ह्येंनी," अंगद म्हणाला. "भाकर उलटायला गेलते. आता सांगा भाऊसाहेब, ह्यांना एकटं टाकून गेलो तर लोक माझ्या तोंडात शेण घालतेल का न्हाई?"

"लोकाच्या शेणासाठी मी ट्रकात बसू व्हय?" आश्रुबा म्हणाला.

"मग डोळं करून घ्या. मी न्हाई म्हनलो का? पर वर्गातून बी हाकललं म्हणं तुमाला. एक पेढा खाल्ला असता तर काय झालं असतं?"

"तुला म्हाईत हाय काय झालं असतं."

अंगद आत गेला. आश्रुबा म्हणाला, "भाऊसाहेब, मला सगळं येतंय. ताईनं शिकवलेलं. फक्त घड्याळ दिसत न्हाई, आन् रस्त्याला गाडी कुठून येती त्ये दिसत न्हाई. जेवून या उद्या. दहा मिनिटं झाली की सांगा."

तेवढं काम मला जमण्यासारखं होतं. रोज सकाळी मी वर्गात जायचो आणि रोज संध्याकाळी जेवून त्याच्याकडं. भागवतच्या घरावरून जावं लागू नये म्हणून मी तेल्याच्या बोळातून जायचो. ओट्यावर तो हात वर करायचा, मी आकडे मोजायचो. मग कॅनालच्या कडेनं पाच मिनिटं पुढं, पाच मिनिटं मागं. त्याचा हात माझ्या खांद्यावर असायचा. खांद्याचं हाड धरून तो असा दाबायचा की कोयत्याची मूठच. एकदा म्हणाला, "सकाळी फोटोवर, सांजच्याला माझ्यासंगं. दोन्हीकडं पगार घेता भाऊसाहेब तुमी." बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं.

दर रविवारी सत्यशीलाताई स्कूटीवर यायच्या, बोटाला सुई टोचून साखर बघायच्या, आणि जाताना म्हणायच्या, "मी आले होते हे कुठं बोलू नका." दोनशे ऐंशी. दोनशे बावन्न. दोनशे चाळीस. एकदा परत दोनशे सत्तर आली तेव्हा त्यांनी चौकशी केली, तर अंगदच्या बायकोनं पितरपाटात खीर वाढली होती. "पितरांना न्हाई म्हणता येतंय का?" आश्रुबा म्हणाला. "भगवानरावाला म्हणता येतं." त्यानंतर मात्र त्यानं पितरांनाही सोडलं.

मध्येच सुंदरराव आले. सुंदरराव म्हणजे भगवानरावांच्या विरुद्ध पार्टीचे. पेढ्याची गोष्ट गावभर झाली होती आणि तिला रंग चढला होता. आश्रुबानं पेढा थुंकला, आश्रुबानं तोंडावर सुनावलं, असं काय काय. सुंदरराव दहा-बारा माणसं घेऊन ओट्यासमोर उतरले. मी तिथंच होतो, खांबाआड सरकलो. शाल, नारळ, फेटा, सगळं आणलं होतं.

"आबा, तुमी सामान्य माणसाचा स्वाभिमान दाखवला," सुंदरराव म्हणाले. "म्हणून पार्टीतर्फे तुमचा जाहीर सत्कार."

"कशाचा स्वाभिमान?"

"त्याचा पेढा नाकारला न्हव तुमी."

"साखर होती म्हणून नाकारला. त्याच्या पेढ्याशी काय वैर हाय माझं?"

"तेच, तेच. साधेपणा." त्यांनी शाल अंगावर टाकली. फेटा बांधला. आणि मग एका कार्यकर्त्यानं बॉक्स उघडला. सुंदररावांनी पेढा उचलून आश्रुबाच्या तोंडाशी नेला. मागं मोबाइल वर झाले.

आश्रुबाला दिसत नव्हतं, पण वास आला असावा. त्यानं ओठ मिटले, अगदी तसेच. सुंदररावांचा हात थांबला. मग सुंदररावांनी पेढा स्वतःच खाल्ला, कारण फोटोत कुणाच्या तरी तोंडात तो जायला हवा होता. नंतर माझं लक्ष गेलं तर बॉक्स माझ्यापुढं धरलेला होता.

"मला साखर आहे," मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं. कार्यकर्ता चिडून पुढं गेला. एवढं सोपं होतं हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. फार उशिरा कळलेल्या गोष्टीचं कौतुक करून घेण्यात अर्थ नाही.

ते गेल्यावर आश्रुबा म्हणाला, "गेले का सगळे? चला मग. दहा मिनिटं राहिलीत." फेटा तसाच डोक्यावर ठेवून तो चालला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी साखर एकशे शहात्तर आली. ताईंनी दोनदा बघितली. मंगळवारी आम्ही एसटीनं अंबाजोगाईला गेलो. दवाखान्यात त्यांनी पुन्हा रक्त घेतलं, तीन महिन्यांच्या साखरेचा कागदही पाहिला. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "चांगली उतरवली, बाबा. गोळ्यांबरोबर काय केलं?"

"तोंड बंद ठेवलं," आश्रुबा म्हणाला.

डॉक्टरांना वाटलं, पथ्य पाळलं म्हणतो आहे. तेही खरंच होतं.

उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी कॉटजवळ उभा होतो. तो डोळा बारीक करून माझ्याकडं पाहत राहिला. चार महिन्यांत त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं.

"भाऊसाहेब, तुमी लई म्हातारे हाव की," तो म्हणाला. "मी उगंच तुमच्या खांद्यावर जोर देत होतो."

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी टोळीची गाडी आली. भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं चढली. आश्रुबा ओट्यावर उभा राहून बघत होता. अंगद खाली उतरून आला, चुलीकडं बोट दाखवून म्हणाला, "जाळ दिसतो न्हव नीट?" आश्रुबानं चुलीतल्या लाकडांचा आकडा सांगितला. अंगद परत गाडीत चढला. गाडी वळणावर जाईपर्यंत आश्रुबा बघत राहिला. मग आत जाऊन त्यानं भाकरी टाकली. मला एक दिली. चांगली भाजली होती.

मी वर्ग सोडला असं सांगायला मला आवडलं असतं. सोडला नाही. तो आपोआप बंद पडला, कारण लग्नसराई सुरू झाली आणि नवरदेवाला सोफा लागला. साधक सगळे जाड होते तसेच राहिले, चटया घराघरात धान्य वाळवायला गेल्या, आणि आता वडवणीत कुठल्याही अंगणात भगवानरावांच्या तोंडावर मिरच्या सुकताना दिसतात.

आश्रुबा माघात गेला. दुपारी जेवला, दहा मिनिटं चालला, येऊन ओट्यावर कुशीवर पडला, भिंतीकडं तोंड करून, तो उठलाच नाही. काळीज बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. गावात काही जण म्हणाले, एवढं योग करून शेवटी मेलाच की. भगवानराव म्हणाले, योगामुळंच इतका जगला. दोघांकडंही त्यानं एकाच नजरेनं पाहिलं असतं. शेवटी शेवटी त्याला नजर आली होती. तो कशासाठी हातपाय ताणत होता ते मात्र झालं. ट्रकमध्ये त्याला कुणी उचलून टाकलं नाही. तो स्वतःच्या ओट्यावर मेला.

आदल्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे चाललो होतो. आता त्याचा हात माझ्या खांद्यावर नसायचा. कालव्याकडेला खड्डा आला की तोच मला धरायचा. काही खास बोलणं झालं नाही. परत त्याच्या घरापाशी आलो तेव्हा मी वळलो, तर त्यानं मागून हाक मारली.

"भाऊसाहेब, तुमच्या चपलीचा अंगठा सुटायला आलाय."

मी खाली पाहिलं. खरंच सुटत होता. "शिवून घेतो," मी म्हणालो.

"उद्याच घ्या. परवा पडताल."

"बरं."